मी उभी केलेली पाच पोरं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, आईला तर न्हाईच. तुम्हाला सांगून राह्यले, पण मधे थांबले तर हटकू नका — थांबत थांबतच येईल हे.

जालन्याला एमआयडीसीतल्या काही कारखानदारांनी शाळांना मदत करायला संस्था काढली, तिची मी प्रमुख. कुठंही भाषणाला बोलवलं की मी एकच सांगते — माझा जीव मागच्या रांगेतल्या पोरांत आहे. टाळ्या पडतात. अन् ते खोटं न्हाई, म्हणूनच तर... थांबा, आधी हेडमास्तराचं सांगते.

तीर्थपुरीच्या पुढं एका गावात मी शाळेवर होते. नोकरी अजून पक्की व्हायची होती. तपासणीला साहेब येणार असले की हेडमास्तर म्हणायचा, "बाई, कच्ची पोरं घ्या अन् वढ्यावर जा. दुपारपर्यंत फिरकू नका." मी जायचे. हो, जायचे! भ्यायचे त्याला. वढ्यावर त्याच पोरांना वाळूत अक्षरं गिरवायला लावायचे. एकदा साहेबानं डोकी मोजली, पोरं कमी भरली. हेडमास्तरानं साऱ्या गावासमोर माझ्याकडं बोट केलं — बाईंनीच नेली, बाईंना शिकवायचा कंटाळा. चोर तो चोर, वर शिरजोर! माझी नोकरी पक्की झालीच न्हाई. पालक तोंडावर थुंकायचेच बाकी होते.

मंग या संस्थेत आले. स्कूटीवर पुस्तकांच्या पेट्या बांधून गावोगाव फिरले, अन् फिरत फिरत वर गेले. लोक म्हणतात, बाईंची जिद्द बघा. जिद्द कसली? डूख धरून बसले होते मी.

गेल्या वर्षी त्याच शाळेचा अर्ज आला. वाचनाची खोली अन् कच्च्या पोरांसाठी एक जादा बाई पाहिजे होती. हेडमास्तर तोच, बदल्या होत होत फिरून तिथंच आलेला. शाळा बघायला आमची माणसं जातात, या खेपेला मी स्वतः गेले. तो हार घेऊन दारात उभा! "म्याडम, तुम्ही तर आमच्याच." म्हणजे ओळख होती तर. मनात म्हणलं, थांब, दावते तुला.

शाळा किती मेहनत घेते हे कळावं म्हणून आम्ही पाच पोरांकडून धडा वाचून घेतो. नावं चिठ्ठ्या टाकून काढायची, हा नियम मीच घातलेला. त्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्याच न्हाईत. मास्तरीण होते ना मी? वाचता न येणारं पोर बसण्यावरून कळतं — बोट ओळीवर अन् डोळे शेजाऱ्याच्या तोंडाकडं. तसली पाच बराबर हेरून उभी केली. एकेका पोरागणिक हेडमास्तराची मान खाली गेली. गार वाटलं मला. खोटं कशाला बोलू? आजही ती मान आठवली की गार वाटतं.

पाचवी सारिका. मेंढरं राखणाऱ्या घरातली, आठ महिने रानोमाळ फिरून नुकतीच शाळेत आलेली. तिच्या तोंडून एक शब्द निघेना. वर्ग फिदीफिदी हसला. मी कोणाला गप केलं न्हाई.

अहवालात लिहिलं — मुलांना वाचता येत नाही, शाळा पात्र नाही. अहो, वाचता येत न्हाई म्हणून तर बाई मागितली होती! हेडमास्तर पुढं शाल-नारळ घेऊन रिटायर झाला. त्याचं काय वाकडं झालं? खोली गेली ती पोरांची. सारिका दुसऱ्या दिवसापासून आलीच न्हाई, आता मेंढरांमागं असते. तिथल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

एक राहिलं. तेच सांगायचं होतं, अन् तेच टाळत आले. पोर अडलं की पहिला शब्द आपण सांगायचा असतो. वढ्यावर मी तेच करायचे. सारिका पुस्तकात बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. पहिला शब्द 'बाजार' होता. मी ओठ मिटून घेतले अन् हेडमास्तराकडं बघत राह्यले.