तुळजाबाईंचा कान

रात्रीची भांडी आवरून झाली की तुळजाबाई दाराशी बसत आणि घरातल्या सगळ्यांच्या चपला फिरवून ठेवत. तोंडं बाहेर. मुलगा राजेश याचे कंपनीतले जाड बूट, सून स्नेहलच्या पट्ट्यांच्या चपला, नातवाचे शाळेचे बूट आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या रबरी सपाता. अंधारात पाय सरकवला की थेट चालता आलं पाहिजे, वळण्यात वेळ जाता कामा नये. दाराला कडी लावत नसत. नुसतं लोटून घेत.

त्यावरून राजेशशी रोज एकदा तरी बोलाचाली व्हायची. आमचं दार समोरच, त्यामुळे ती आम्हाला पाठ झाली होती.

"आई, हे महाड आहे. कडी लाव. चोर शिरतील."

"शिरू देत. चोर आला तर भांडी नेल रे. डोंगर मानसं नेतो."

पलंग होता, पण त्या त्यावर झोपत नसत. खाली चटई टाकून, उजवा कान जमिनीला लावून झोपत. पलंगावर कान अधांतरी राहतो, असं त्यांचं म्हणणं.

हा कान साधा नव्हता. पोलादपूरच्या बाजूला, कशेडीच्या डोंगरात त्यांची सात घरांची वाडी होती. ज्या पावसात तळीये गेलं, त्याच पावसात त्यांच्याही वाडीवर डोंगर आला. तळीयेचं नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं. या वाडीचं कळलं नाही, कारण इथे एकच माणूस गेला. बाकीचे तुळजाबाईंच्या कानामुळे राहिले. सारवलेल्या जमिनीवर झोपलेल्या असताना त्यांना खालून घरघर ऐकू आली. कुणीतरी जमिनीच्या पोटात घिरट फिरवतंय, असं वाटलं. घिरट म्हणजे भात भरडायचं मोठं जातं. त्यांच्या लहानपणी घरोघर असायचं, आता कुणाकडे नाही. त्या उठल्या, पितळी ताट आणि पळी घेतली आणि दारोदार बडवत सुटल्या. एकतीस माणसं होळीच्या माळावर गोळा झाली. तिथून त्यांचे मालक महिपती बैल सोडायला माघारी फिरले. बैल सुटले. महिपती आले नाहीत.

ते ताट त्या महाडला घेऊन आल्या होत्या. उशाशी असायचं.

आमची इमारत नदीपासून लांब, हायवेला मिळणाऱ्या रस्त्यावर आहे. महाडात पूर पाहिलेल्या माणसाला नदीपासून लांब असणं म्हणजे अर्धं पुण्य वाटतं, म्हणून राजेशने इथे दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. रस्त्याचं त्याच्या लक्षात आलं नाही. दिवसा तो कुठल्याही रस्त्यासारखाच. रात्री दहानंतर मात्र मोकळा होतो, आणि मोकळा रस्ता दिसला की कुणाला तरी तो भरून टाकावासा वाटतो. सायलेन्सर बदललेल्या बुलेट हायवेवरच्या ढाब्यापर्यंत जातात आणि परत येतात. आमच्या कोपऱ्यावर चढ आहे. तिथे आवाज इमारतींच्या मधे सापडतो आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात.

पहिल्याच आठवड्यात एका रात्री जिन्यात ताट वाजलं. "उठा, बाहेर व्हा! सामान घेव नका! बैल सोडाय कोनी जाव नका!" आम्ही सगळे नेसत्या कपड्यांनिशी खाली उतरलो. कुणी हसलं नाही. त्याच पावसात गावातल्या निम्म्या घरांत छतापर्यंत पाणी आलेलं होतं, ओरडण्याचा अर्थ विचारत बसायची सवय तेव्हा कुणालाच नव्हती. तुळजाबाईंनी सगळ्यांना रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि डोकी मोजली. वाडीत मोकळी जागा म्हणजे माळ. इथे मोकळी जागा म्हणजे तोच रस्ता, जिथून आवाज आला होता. एक बुलेट आम्हाला वळसा घालून, पुन्हा तसाच आवाज काढत निघून गेली.

तुळजाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग स्नेहलला म्हणाल्या, "गाडी व्हती गो?"

पाचव्यांदा ताट वाजलं तेव्हा तळमजल्यावरची दारं उघडली नाहीत. दहाव्यांदा एकाने आतूनच ओरडून सांगितलं, "ओ आजी, उद्या आमची ड्यूटी आहे हो!" त्यानंतर राजेशने ताट कपाटात ठेवलं. पण चटईवरून त्या उठतच. नातवाला उचलून दाराशी उभ्या राहत. सकाळी भाकरी थापताना हात थांबे आणि डोळे मिटत. वर्षभरात त्या निम्म्या झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण आवाज झोपेच्या आतही पोचायचा.

शेजारचे गंगाधर सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी हे हातात घेतलं. अर्ज ते लिहीत, टंकून मी देत असे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा किती, भोंगा वाजवायला बंदी कशी, सायलेन्सर बदलणं गुन्हा कसा, हे सगळं त्यांनी कलमांसकट शोधलं होतं. "नियमांची काही वाण नाही," ते म्हणायचे. "आपल्याकडे नियम पोत्याने आहेत."

अधिकारी भले होते. त्यांनी सरांना खुर्ची दिली, चहा दिला आणि गाड्यांचे नंबर मागितले. मग सर रोज अकरा वाजता गॅलरीत वही घेऊन उभे राहू लागले. वहीत काही उतरलं नाही. वेगात नंबर दिसत नसे, आणि दिसला तर नंबराच्या जागी कुणाचं नाव असे, कुणाचा वाघ. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, आवाज मोजून घ्यावा लागेल. पाच महिन्यांनी दोन माणसं यंत्र घेऊन आली. दुपारी चार वाजता. तेव्हा रस्त्यावर एक भंगारवाला आणि शाळेतून येणारी मुलं होती.

"अहो, रात्री या ना," सर म्हणाले.

"रात्री आमची वेळ नसते, सर."

"पण आवाजाची असते!"

ती माणसं ओशाळून हसली. आकडा मर्यादेत आला होता. तो त्यांनी इमानदारीने लिहून घेतला.

एकदा खरोखर नाकाबंदी झाली. सात सायलेन्सर जप्त झाले. आठ रात्री इतक्या शांत गेल्या की नळाचं ठिबकणं ऐकू यायचं. तुळजाबाई त्या आठ दिवसांत पोटभर जेवल्या. नवव्या रात्री पहिली गाडी आली, दहाव्या रात्री सगळ्या.

त्यांतली सर्वांत मोठी गाडी रुचिरची. पलीकडच्या आळीतल्या दुकानदाराचा मुलगा, वय सत्तावीस, पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून म्हातारीकोतारी माणसं खांद्यावर आणलेला. स्नेहलने त्याला किराणा घेताना गाठलं.

"रुचिर, आमच्या आई झोपत नाहीत रे तुझ्या गाडीने."

"वहिनी, आवाज ठेवावा लागतो. हायवेला ट्रकवाल्यांना कळलं पाहिजे ना मागून कोण येतंय."

"आमच्या चढावर कुठला ट्रक आहे?"

त्यानंतर आठवडाभर तो आमच्या कोपऱ्यावर गाडी बंद करून, चढावर ढकलत नेत होता. घामाने निथळत. मित्र मागून ओरडत, "रुचिरशेठ, पेट्रोल देऊ का? की बैल जोडू?" आठवड्यानंतर त्याने ढकलणं सोडलं. सरांना वाटेत भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, मी एकट्याने बंद करून काय होणार?"

मग सरांनी दुसरी वाट काढली. एके संध्याकाळी ते तुळजाबाईंसमोर खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, तुमच्या गोठ्यात किती गुरं होती?"

"नऊ."

"रात्री हंबरली तर कुठलं ते अंथरुणातून कळायचं?"

"म्हंजे काय? पोरांवानी वळखायची."

"तसंच करायचं. आवाज आला की उठायचं नाही. आधी नाव घ्यायचं. नाव घेतलं की भीती निम्मी होते."

तुळजाबाईंनी गाड्यांना नावं ठेवली. फटफट फुटत जाणारी ती लवंगी. शिट्टी मारल्यासारखी जाते ती कुकर. एक होती खोकली, कारण ती चढावर ठसकायची. आणि रुचिरची ती घिरट. हे नाव ठेवलं, पण रात्री ते त्या घेत नसत. दोन महिने लागले. रात्री आवाज आला की अंधारातून पुटपुटणं ऐकू यायचं, "लवंगी हाय... कुकर हाय..." स्नेहल शेजारी पडून हात धरून असायची. हळूहळू त्या घिरटही म्हणू लागल्या. म्हणून झालं की कूस बदलू लागल्या.

"काय वहिनी, काल कोण कोण आलं होतं?" सर सकाळी विचारत.

"खोकली आली नाय सर. बरी हाय ना ती?"

सगळे हसत. त्याही हसत. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते, ते पहिल्यांदा आम्हाला दिसले. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, मग बंद. त्या वर्षीच्या दिवाळीत एका रात्री स्नेहलने पाहिलं, चपला सोडल्या तशाच, वेड्यावाकड्या पडल्या होत्या. तिने कुणाला न बोलता दाराला कडी लावली. तुळजाबाईंनी ती काढली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले.

अर्जांची फाईल सरांनी माळ्यावर टाकली. तिसरं स्मरणपत्र माझ्याकडे टंकून तयार होतं. ते म्हणाले, "राहू दे आता. वहिनी झोपताहेत ना?" आम्हीही झोपत होतो. गाड्या होत्या तेवढ्याच होत्या, एखादी वाढलीच असेल.

गेल्या आषाढात तुळजाबाईंचे भाऊ भागोजी यांचा फोन आला. भावजयीचा पाय मोडला होता आणि लावणी अंगावर आली होती. भागोजींचं घर कशेडीच्या पायथ्याच्या वाडीत, मागे डोंगर. राजेश नको म्हणत होता. तुळजाबाईंनी लुगडी पिशवीत भरली.

"आठ दिस जाते नि येते. आता मला काय झालंय? मी बरी झाले ना रे?"

राजेशला बरं वाटलं. आईला तिथे जायची भीती वाटत नाही, हेच त्याला औषध लागू पडल्यासारखं वाटलं. ताट न्यायचं कुणाला सुचलं नाही. ते कपाटातच होतं.

सहाव्या रात्री भागोजींच्या घरावर मागचा उतार आला. मोठी दरड नव्हती. मागच्या खोलीएवढी. पुढच्या पडवीत झोपलेले भागोजी आणि भावजय वाचले. मागच्या खोलीत तुळजाबाई आणि भागोजींची मुलगी अस्मिता होत्या. अस्मिताला पहाटे लोकांनी काढलं. तिचा हात मोडला होता. तिच्या आत्याला काढायला दुपार झाली.

दहाव्याला आम्ही गेलो. गंगाधर सरही आले. अस्मिता अंगणात गळ्यात हात बांधून बसली होती. कॉलेजात जाणारी मुलगी, पण लहान दिसत होती. स्नेहलने तिच्याजवळ बसून फक्त एक गोष्ट विचारली.

"आत्या चपला फिरवून ठेवायच्या का गं इथे?"

"नाय वहिनी. पडवीत कुठंपन टाकलेल्या असायच्या."

सर उठून मागच्या बाजूला गेले. तिथे तांबडी माती होती आणि तिच्यात अर्धी गाडलेली एक चौकट. जुन्या घाटात आता गाड्या फारशा नसतात, बोगद्याने जातात. खाली शेतात पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज. परत आले तेव्हा मला म्हणाले, "ते तिसरं पत्र आहे का गं तुझ्याकडे?" मी हो म्हटलं.

मग अस्मिताने आपण होऊनच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, पण तिला ते कुणाला तरी द्यायचं होतं.

तिला आधी ऐकू आलं नव्हतं. आत्याच जागी झाली होती. खाली चटईवर होती ती, कान जमिनीला. अंधारात तिचं डोकं वर झालेलं अस्मिताला दिसलं. मग अस्मितालाही ऐकू आलं, जमिनीच्या आतून, लांबून येणारी घरघर. ती उठून बसली आणि म्हणाली, "आत्या, काय गो ते?"

आत्या थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने डोकं परत खाली टेकलं, पांघरूण अस्मिताच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि म्हणाली,

"घिरट हाय ते. नीज तू."