कोऱ्या रकान्याखालची सही

शेतकी कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर झालो, तेव्हा जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होतो. केनवडच्या शेतकऱ्याचा मुलगा आता कॉलेजातल्या मुलांना पीक शिकवणार होता. व्याख्यानं प्रोफेसर देत. मुलांकडून प्रात्यक्षिकं करून घेणं आणि त्यांच्या वह्या तपासून सही करणं माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी बजावलं, "मुलांनी स्वतः पाहिलेलं असेल, तरच सही करायची." एवढंही सांगावं लागतं का, असं मला वाटलं होतं.

पोळा झाल्यावर मुलांना घेऊन कारंजा लाडजवळच्या एका शेतात गेलो. कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती. मधल्या एका पट्ट्यात मात्र दहा-पंधरा झाडं माना टाकून उभी होती. मी बांधावरूनच सांगितलं, "मर रोग आहे. कारणाच्या रकान्यात लिहून टाका."

शेताचे मालक, एक वयस्क काका, जवळ उभे होते. त्यांनी विचारलं, "अन् बाजूची हिरवी झाडं?"

"तीही उपटून जाळा. रोग पसरेल."

एक मुलगा म्हणाला, "सर, एक झाड उपटून मूळ पाहू या का?"

"मी कापसातच वाढलोय," मी खेकसलो. तरीही त्यानं कारणाचा रकाना कोराच ठेवला. त्याची वही मी सही न करता परत केली. बाकीच्यांच्या वह्यांवर झोकात सह्या ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन त्याच वाटेनं पुढच्या शेताकडे निघालो होतो. बांधावर पऱ्हाटीचा ढीग पडला होता. त्यात वाळलेली झाडं थोडी, बोंडं धरलेली हिरवीगारच जास्त. काका आणि त्यांची सून अजून उपटतच होते. मी ढिगातलं एक वाळकं झाड उचललं. मूळ वाळवीनं पोखरलेलं होतं. मग एक हिरवं झाड उचललं. त्याचं मूळ पांढरंशुभ्र, निरोगी निघालं.

"काका, थांबा," मी म्हणालो. "हा रोग नाही. वाळवी आहे."

काकांनी हातातलं झाड खाली ठेवलं. "उदई मले कालच दिसली होती, मास्तर. पन मनलं, तुमी शिकेल मानूस. तुमाले जादा समजत असन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मला भयंकर लाज वाटली. सगळ्या मुलांसमोर मी म्हणालो, "काका, तुमचंच बरोबर होतं. मी मूळ न पाहताच बोललो."

त्यांनी सुनेला हात थांबवायला सांगितलं. मग म्हणाले, "राहिलेली त वाचली."

त्यानंतर मी बरीच वर्षं शिकवलं, आणि चांगलं शिकवलं, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण या कामाची जबाबदारी मला त्या बांधावर कळली. तिथल्या तिथेच मी मुलांच्या वह्या मागवल्या आणि आदल्या दिवशीच्या माझ्या सगळ्या सह्या एकेक करून खोडल्या. शेवटी त्या मुलाची वही घेतली. त्याचा रकाना अजून कोराच होता. त्याच्या खाली मी सही केली.