आबांच्या गाडीला लावलेले दोन काटे

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शन घेऊन इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी आले, ऊस केला आणि एक जुनी डिझेल गाडी घेतली, मागं समोरासमोर बाकं असलेली. त्या गाडीबद्दल ते एकच वाक्य बोलायचे, "म्या गाडी कानानं चालवतो." इंजिनाचा सूर जरा इकडचा तिकडं झाला की ते स्टिअरिंगवरूनच सांगायचे, बेल्ट ढिला झालाय, नाहीतर नोजल गेलाय. आणि तो गेलेला असायचा.

पुढं त्यांचे कानच गेले. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि सगळ्यांनी मिळून ती आबांपासून लपवून ठेवली होती.

मी साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांचा रक्तदाब आणि ताप बघते. परक्या माणसाला तोंडावर "तुम्हाला कमी ऐकू येतंय, तपासून घ्या" म्हणायला मला काही वाटत नाही. आबांना तेच सांगायची वेळ आली की माझी बोबडी वळायची. टीव्ही एवढ्या मोठ्यानं लागायचा की शेजारची म्हातारी तिच्या ओट्यावर बसून आमच्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकायची. टीव्ही बिघडलाय, असं आबांचं म्हणणं. मी फोनवर काहीही विचारलं तरी "पाऊस न्हाई अजून" असं उत्तर यायचं. आई स्वयंपाकघरातून हाका मारून मारून दमायची आणि शेवटी सोप्यात येऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहायची. "काय गं?" आबा विचारायचे. "काय न्हाई," ती म्हणायची, कारण तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

मग एका उन्हाळ्यात कराडच्या अलीकडं गाडीचं इंजिन जाम झालं. खालच्या चेंबरचा बोल्ट ढिला होऊन सगळं तेल रस्त्यावर सांडलं होतं. तेलाविना इंजिन गप्प बसत नाही. आधी कटकटतं, मग खडखडतं, मग लोखंड कुटल्यासारखा आवाज करतं. मागच्या मोटारसायकलवाल्याला तो ऐकू आला, रस्त्याकडच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना ऐकू आला. आबा गाणं गुणगुणत चालवत राहिले. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला असणारच, पण भर उन्हात तो दिसत नाही, आणि कानानं गाडी चालवणारा माणूस दिव्याकडं कशाला बघेल?

माझा धाकटा भाऊ शेती बघतो आणि मळ्यातल्या घरात राहतो. त्यानं इंजिन उतरवून नवं करून घेतलं आणि मला फोन केला. "आक्का, परत आसं झालं तर किल्ली मी घेणार. गाडी इकून टाकतो. तू सांग आबास्नी."

"तू सांग की. तू तिथंच हायस."

"तू नर्स हायस."

शेवटी त्यानंच सांगितलं, अंगणात उभं राहून, ओरडून. ते मात्र आबांना पहिल्या दमात ऐकू आलं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

माझं डोकं मग माझ्या धंद्याच्या वाटेनं चालायला लागलं. पेशंटला "कसं वाटतंय" विचारून काही कळत नाही, त्याचा दाब आणि ताप बघावा लागतो. इंजिनाचंही तेच असणार. इंटरनेटवर बघितलं, तर तेलाचा दाब आणि इंजिनाचं तापमान दाखवणारी काट्याची मीटरं वेगळी मिळतात आणि कुठल्याही गाडीला बसतात. सांगलीला जाऊन दोन घेऊन आले. कान गेले तर गेले, आबांची नजर अजून घारीची होती. आणि खरं सांगायचं तर कानाचं यंत्र घ्या म्हणण्यापेक्षा गाडीला यंत्र लावा म्हणणं सोपं होतं. मी सोपं ते केलं.

डबा बघून आबांचं नाक आधी वर गेलं. "मीटर बघून गाडी चालवायची, म्हंजे घड्याळ बघून भूक लागायची. आसलं मला नगं." मी नुसता डबा उघडून पुढ्यात ठेवला. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे, पितळी नटबोल्ट, सुतळीएवढी बारीक नळी. आबांनी ते हातात घेतलं, फिरवलं, काचेवर टिचकी मारली.

"आमच्या ट्रकात हुतं आसलं," ते म्हणाले. "दिवा सिव्हिलियनला. फौजेला काटा."

मग काय, सकाळी अंघोळीआधीच त्यांनी बॉनेट उघडलं. लाल दिव्याचा स्विच इंजिनातून काढला आणि त्या जागी नळीचा नट बसवला. ती नळी पत्र्याला भोक पाडून आत घेतली आणि तबकडीला जोडली. दिव्याला आता काही काम उरलं नव्हतं. आबांनी तो डॅशबोर्डमधून उपसून काढला आणि खिळ्यांच्या डब्यात टाकला. भावाला राहवलं नाही, तोही हात लावायला आला. आमच्या भागात उसाला पाणी पाइपनं येतं, त्यामुळं प्रत्येक बाप्याच्या खिशात टेफ्लॉनची पांढरी टेप असते. कुठलाही आटा दिसला की तो तिला गुंडाळतो, मग ती पाण्याची लाइन असो की गॅसची शेगडी. भावानं तेलाच्या नळीच्या नटाला टेप गुंडाळली, तापमानाच्या सेन्सरलाही गुंडाळली, आणि वर म्हणाला, "आता थेंब गळला तर मला इचारा."

गाडी चालू केली. तेलाचा काटा टुणकन चारवर गेला. आबांच्या चेहऱ्यावर लग्नातला फोटो काढताना होता तसा भाव आला. तापमानाचा काटा मात्र हलेना. इंजिन तापलं, पंखा घरघरायला लागला, आबांनी रेडिएटरच्या होजला हात लावला आणि झटकन काढून घेतला. काटा आपला तळाशी झोपलेला.

"टेप काढ," आबा म्हणाले.

सेन्सरचं अर्थिंग आट्यातूनच होतं. एवढी टेप गुंडाळल्यावर तो इंजिनाला टेकलाच नव्हता. सदऱ्यावरून काखेत थर्मामीटर लावल्यासारखं झालं होतं. गाडी गार झाल्यावर आबांनी टेप खरवडून काढली आणि सेन्सर उघडा बसवला, तसा काटा शहाण्यासारखा वर आला. तेलाचा काटा चांगला चालत होता, म्हणून त्या नटावरच्या टेपकडं कुणी बघितलं नाही.

मेढ्याजवळ माझ्या मावशीच्या नातवाचं बारसं होतं. भाऊ म्हणाला, भाड्यानं गाडी करू. आबा म्हणाले, घरात गाडी हाय. मी भावाकडं बघितलं, भावानं माझ्याकडं. दोघांनाही ठाऊक होतं की हीच परीक्षा आहे. धड पोचलो तर किल्ली आबांकडं राहणार, नाहीतर नाही. आबा चालवायला, शेजारी आई, मागच्या बाकांवर मी आणि भाऊ, आणि आमच्या पायाशी आबांनी ठेवलेला तेलाचा कॅन. फौजेतला माणूस बारशाला जाताना तेल घेऊन जातो.

साताऱ्यापर्यंत सगळं छान झालं. आबा अधूनमधून काट्यांकडं मान वळवायचे, अगदी रुबाबात. आईलाही काट्यांचा नाद लागला होता. "चारवर हाय," ती सांगायची. आबा समोर बघत असायचे. "आता साडेतीन." ती आपली रेडिओसारखी चालू, आणि ऐकणारे आम्ही मागचे दोघं.

सातारा मागं पडलं आणि मेढ्याच्या वाटेवरचा चढ लागला.

"आवं, दोनवर आला," आई म्हणाली.

आबा चालवत होते. समोर वळण होतं आणि वरून एसटी येत होती.

"आवं, काटा पडतोय. ऐकताय न्हवं? आवं."

मी मागून त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात वळण संपलं आणि आबांची नजर तबकडीवर गेली. पुढच्या क्षणी गाडी रस्त्याच्या कडेला आणि इंजिन बंद. हे सगळं त्यांनी इतक्या सफाईनं केलं की आईच्या मांडीवरची बाळंतविड्याची पिशवीसुद्धा सरकली नाही.

बॉनेट उघडलं. नळीच्या नटावरची टेप तेलात भिजून लोळागोळा झाली होती, नट ढिला पडला होता आणि तेल धार लावून गळत होतं. भाऊ आभाळाकडं बघायला लागला. आभाळात काही नव्हतं. आबांनी डिपस्टिक बघितली. अजून तेल होतं, इंजिनाला काही झालं नव्हतं. फडक्याला हात पुसत ते आमच्याकडं वळले आणि छाती काढून म्हणाले, "आवाज बदलला हुता. ऐकू आलं मला."

भाऊ गप्प. मी गप्प. आम्ही दोघांनी एवढी वर्षं जे केलं तेच करत होतो.

आई गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गाडीचं ऐकू आलं," ती म्हणाली. "मी कवाधरनं तुमच्या कानाशी बसून सांगतीया, त्ये न्हाई आलं. मागल्या म्हयन्यात न्हाणीत पाय घसरून पडले, तवा बी हाका मारत हुते. तुमी सोप्यात बसला हुता. शेवटी भिताडाला धरून माझी मीच उठले."

तिनं आवाज चढवला नाही. भाजीत मीठ कमी पडलंय हे ज्या सुरात सांगते, त्याच सुरात सांगितलं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी तिथंच रस्त्यावर तिची बाही वर केली. कोपराच्या वर पिवळा पडत आलेला मोठा डाग होता. नर्सची आई महिनाभर लांब बाह्यांचं पोलकं घालून बसली होती, आणि नर्स सांगलीला गाडीची मीटरं शोधत फिरत होती. मला माझीच लाज वाटली आणि रागही आला. आईचा, आबांचा, सगळ्यांचाच.

आबा तिच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना कितपत कळलं, मला सांगता येणार नाही. ते वळले, नट खोलला, टेप काढून टाकली, नट उघडाच पक्का आवळला, कॅनमधलं तेल ओतलं. गाडी चालू केली. काटा चारवर. बारशात आबा पुरुषांच्या पंगतीला खाली मान घालून जेवले.

भावानं किल्ली मागितली नाही. परत आल्यावर मीच मोठ्या धिटाईनं सांगलीच्या कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. आबा म्हणाले, "पाऊस न्हाई अजून." मी हात टेकले आणि साताऱ्याला निघून आले.

पुढच्या सुट्टीला गावी गेले तर आबा सोप्यात खुर्चीवर बसलेले. पाया पडले आणि वर बघितलं. समोरच्या खांबावर, बरोबर त्यांच्या डोळ्याच्या रेषेत, काहीतरी लावलं होतं. गाडीतला तो लाल दिवा. तोच, तेलाच्या डब्याचं चित्र असलेला. ऊन पडून झाकळू नये म्हणून त्याच्यावर पत्र्याची छोटी टोपी बसवली होती. खाली जुनी बॅटरी होती. तिथनं दोन वायरी भिंतीवरून सरळ ओळीत, जागोजागी खिळे मारून, आत गेल्या होत्या. मी त्या वायरींच्या मागनं चालत गेले. एक वायर स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला, हॉर्नच्या बटणाशी संपत होती.

दुसरी न्हाणीत गेली होती. तिथंही बटण होतं, पण मला ते आधी दिसलंच नाही, कारण मी वर शोधत होते. ते खाली होतं, फरशीपासून वीतभर उंचीवर. आडव्या पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं.

मी न्हाणीत उभी राहून रडले. मग तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात आले.

आई चहा गाळत होती. कप भरला आणि तिनं ओट्याकडचं बटण दाबलं. सोप्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा दारात येऊन उभे राहिले, कप घेतला, माझ्याकडं न बघता परत गेले.

"चालतंय का गं हे?" मी आईला विचारलं.

"न चालायला काय झालं?" आई म्हणाली. "कान धड हुतं तवा एका हाकंत कवा आलं न्हाईत. आता बटण दाबायचा अवकाश, हजर."