बंदूक जमा करण्याचं कारण

रेल्वेतून रिटायर झाल्यावर स्वस्थ घरी बसेल तो माझा बाप कसला. त्यांनी लगेच रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका रोलिंग मिलच्या गेटावर गनमॅनची नोकरी धरली. साधा गार्ड वेगळा आणि गनमॅन वेगळा. गार्डच्या हातात काठी असते. गनमॅनकडे स्वतःची बंदूक आणि स्वतःच्या नावाचं लायसन्स लागतं. आमच्याकडे दोन्ही होतं. आजोबांनी वर्ध्याकडच्या शेतात रानडुकरांसाठी घेतलेली दुनळी बंदूक वारसाने बाबांकडे आली होती आणि लायसन्स रायपूरला बदलून घेतलेलं होतं.

मिलमधले लोक त्यांना बाबूजी म्हणत. बाबा संध्याकाळी घरी येत तेव्हा मानेच्या घड्यांत उरल्याची काळी धूळ बसलेली असे आणि चेहरा समाधानी. आई गेल्यावर तर ते त्या नोकरीच्याच आधाराने उभे होते. लायसन्स गेलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेल्यावर बाबा दिवसभर कुठल्या भिंतीकडे बघत बसतील ते मला आधीच दिसत होतं. म्हणून लायसन्सची मुदत संपत आली तेव्हा कागदांच्या मागे मीच लागले.

बंदुकीबाबत आमच्या घरात एक रीत होती. गेटावरून आले की बाबा उंबऱ्याबाहेर थांबत, बंदूक मोडून उघडत आणि दोन्ही नळ्या आईपुढे धरत. आईने आरपार उजेड बघून ‘हव’, म्हणजे हो, म्हटलं की मगच आत येत. आईनंतर ते काम माझ्याकडे आलं. गॅसवर भाजी करपत असायची आणि हे दारात उभे. मी चिडून लांबूनच ‘हव हव’ म्हणायचे, तरी जवळ येऊन बघेपर्यंत ते हलायचे नाहीत. लहानपणी मी टिकल्यांचं पिस्तूल शेजारच्या मुलीवर रोखलं होतं, तर त्यांनी ते माझ्या हातातून ओढून नालीत फेकलं. “खेळण्यातली असो का खरी, नळी माणसाकडे नाही कराची,” म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. पण ते अंगात भिनलं. आजही टीव्हीत कोणी कोणावर पिस्तूल रोखलं की मी मान वळवते.

तर कागद. कलेक्टोरेटच्या शस्त्रशाखेत सांगितलं, थान्याचा, म्हणजे पोलीस स्टेशनचा, रिपोर्ट आणा. थान्यात म्हणाले, आधी अर्जाची पावती दाखवा. पावतीसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागत होतं, आणि नव्या नियमाप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेटही. कलेक्टोरेटबाहेर झाडाखाली बसणारा टायपिस्ट प्रत्येक वेळी नवा कागद सुचवायचा आणि तोच टाइप करून द्यायचा. मी समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, अर्धा दिवस सुट्टी मागताना माझ्याच जिवावर यायचं. हेलपाटे घालून माझ्या नाकी नऊ आले.

थान्याचा शिपाई चौकशीला घरी आला. चहा पिऊन त्याने शेजाऱ्यांना विचारलं, बाबूजी दारू पितात का, कोणाशी भांडण, कोर्टकचेरी? सगळ्यांनी कानाला हात लावले. डॉक्टरांनी डोळे बघितले, बीपी बघितलं आणि सही केली. त्यांचंही चुकलं नाही. बाबा हल्ली दूध तापत ठेवून गच्चीवर निघून जातात, मला कधीकधी आईच्या नावाने हाक मारतात, एकदा उरल्याहून येताना भलत्याच पाऱ्यात, दुसऱ्याच वस्तीत, उतरून तासभर फिरत राहिले, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. वय झालं की होतंच असं, मी म्हणत होते. दुसरं काय म्हणणार?

ट्रेनिंग देणारा माणूस निवृत्त फौजी. त्याला सगळे उस्ताद म्हणत. अभनपूरच्या रस्त्याला भिंत घातलेल्या मोकळ्या जागेत त्याचा वर्ग भरायचा. तोही कागदांनी त्रासलेलाच होता. त्याच्या परवान्यासाठीही पोलीस त्याच्या घरी येऊन गेले होते, आणि किती जण शिकायला आले त्याचं रजिस्टर त्याला दाखवत राहावं लागे. बाबांना बघताच तो उठून उभा राहिला. “बाबूजी, आपको मैं क्या सिखाऊँगा! बैठिए, चाय पीजिए, एक फोटो खींचते हैं, हो गया।”

बाबांना ते पटलं नाही. “नहीं उस्ताद, जो नियम है वो करेंगे,” म्हणाले. मला फार बरं वाटलं. हे माझे जुने बाबा होते.

उस्तादने नकली काडतुसं दिली. बाबांनी सोबत आणलेली आपली बंदूक उघडली, नळ्या बघितल्या, काडतुसं भरली, बंद केली. क्रम बरोबर होता. आता काडतुसं काढायची, बंदूक उघडी ठेवायची आणि नळी जमिनीकडे करून दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्याचवेळी उस्तादने खिशातून मोबाइल काढला. म्हातारा माणूस, मुलगी सोबत, चांगला फोटो येईल असं त्याला वाटलं असावं. “बाबूजी, बेटी को पकड़ाइए, ऐसे ही,” तो म्हणाला.

बाबा वळले. बंदूक बंद होती. काडतुसं आतच होती, बोट घोड्यावर होतं आणि दोन्ही नळ्या सरळ माझ्या पोटाकडे. चेहऱ्यावर फोटोसाठीचं हसू होतं.

काडतुसं नकली आहेत हे मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांसमोरच भरली होती. तरी मी किंचाळले आणि उस्तादच्या टेबलामागे खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. कसं झालं ते मला कळलंच नाही.

“काहून बसली वो खाली? काय झालं?” बाबा विचारत होते, आणि माझ्याकडे नीट बघता यावं म्हणून टेबलाला वळसा घालून येत होते. बंदूक तशीच. मी जमिनीवरून मागे सरकत गेले. उस्तादने बाजूने येऊन नळी वर केली, बंदूक हळूच काढून घेतली आणि उघडली. दोन्ही काडतुसं दिसली. बाबांनी ती बघितली, मग मला बघितलं. नंतर कोणी न सांगताच ते जाऊन खुर्चीवर बसले.

उस्तादने मला भिंतीपाशी नेलं. “दीदी, मैं साइन कर देता हूँ। गेट पर बैठना ही तो है, कौन-सी गोली चलानी है। कागज रुका तो इनकी नौकरी जाएगी,” तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. उलट चांगला होता, म्हणूनच मला त्याचा राग आला. याने नाही म्हटलं असतं तर मी घरी जाऊन नियमांच्या नावाने बोटं मोडली असती आणि बाबांनी माझ्या सुरात सूर मिसळला असता. आता नाही म्हणायचं काम माझ्यावर आलं होतं. मिलच्या गेटावर शिफ्ट सुटते तेव्हा सायकलींची आणि माणसांची केवढी गर्दी असते ते मी बघितलेलं आहे. रोज उंबऱ्यात माझ्यापुढे येणाऱ्या त्या दोन नळ्याही डोळ्यांपुढे आल्या.

“मत कीजिए, भैया,” मी म्हटलं. बाबा फार लांब बसलेले नव्हते.

परत येताना स्कूटीवर ते माझ्या मागे बसले होते. कव्हरमधली बंदूक त्यांनी उभी धरली होती. अर्धा रस्ता गेल्यावर त्यांनी कानाशी विचारलं, “भेली का तू?”

“नाही बाबा. पाय घसरला.”

“भेली तू,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते उरल्याला गेले नाहीत. मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मिलमधून फोन आला तेव्हा तब्येत बरी नाही म्हणाले. युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला. दिवसभर गच्चीवर बसायचे. मी क्लिनिकमधून आले की खाली येऊन निमूट जेवायचे. मला वाटत होतं, त्यांनी भांडावं. माझी भाकर हिरावून घेतली म्हणावं, ताट ढकलावं. त्यांनी काही केलं नाही. शेवटी एका सकाळी स्वतःच म्हणाले, “चल, थान्यात जमा करून येऊ. मुदत संपल्यावर घरात ठेवणं बरं नाही.”

थान्यातला मुंशी तरुण होता आणि कंटाळलेला होता. त्याने बंदुकीचा नंबर लायसन्सशी जुळवून घेतला आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी बाबांच्या नावाने हिंदीत अर्ज लिहायला घेतला. थाना प्रभारी महोदय, मी अमुक अमुक, माझी बारा बोअरची बंदूक जमा करू इच्छितो. इथवर भराभर लिहिलं.

“कारण लिखिए,” मुंशी म्हणाला. “बिना कारण के नहीं चलेगा।”

माझं पेन थांबलं. बाबा शेजारच्या बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, “लिही. माह्या पोरीले माहं भेव लागते.”

मुंशीने मान वर केली. “क्या कह रहे हैं बाबूजी?”

आयुष्यभर रेल्वेत हिंदी बोललेला माझा बाप गप्प बसून राहिला. बोलायचं मला होतं.

“कह रहे हैं, उम्र हो गई है,” मी म्हटलं.

“हाँ, तो यही लिख दीजिए,” मुंशी म्हणाला.

मी लिहिलं. बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, मी लिहिलेलं कारण सावकाश वाचलं आणि त्याखाली सही केली.