पाचशे वर्षांची सवत

दुपारचं जेवण झालं की मंदाकाकू खासनीस पलंगावर आडव्या होतात. झोपतात असं त्या कधीच म्हणत नाहीत. "जरा पाठ टेकते," म्हणतात, आणि टेकलेली पाठ थोड्याच वेळात घोरायला लागते. आजही त्या डाव्या कुशीवर वळतात आणि डोळे मिटण्याआधी टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे एक जळजळीत नजर टाकून घेतात.

खोक्यात टोपी आहे. काकूंचे यजमान भालचंद्र खासनीस जर्मनीतल्या वाइडेनफुर्ट विद्यापीठात डॉक्टर झाले, तेव्हाची. तिकडे डॉक्टर झालेल्या माणसाला त्याचे सोबती पुठ्ठ्याची टोपी करून घालतात आणि तिच्यावर त्याच्या आयुष्यातल्या वस्तू चिकटवतात. खासनीस भूगर्भशास्त्राचे. (स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थाने "मुलगा जर्मनीत दगड फोडतो" असं सांगितलं होतं, आणि काकूंच्या वडिलांची अन्नावरची वासनाच उडाली होती.) तेव्हा टोपीवर हातोडी आहे, दगड आहेत, सायकल आहे, विद्यापीठाचा मनोरा आहे, आणि माणूस भारतातला म्हणून एक हत्ती आहे. खासनिसांचा हत्तीशी संबंध देवळाबाहेर केळं देण्यापुरता. काकूंचं मात्र टोपीवर काही नाही. टोपी चिकटवायला जमलेल्या सगळ्या टोळक्याला त्यांनीच पुरणपोळ्या करून वाढल्या होत्या. पुरणपोळीही नाही.

आज चार वाजता त्या विद्यापीठातून एक बाई ही टोपी न्यायला सांगलीत येणार आहे. विद्यापीठाचा पाचशेवा वाढदिवस आहे, त्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरणार आहे. पुतणी अश्विनीने फोनवर विचारलं होतं, "काकू, देणार ना गं?"

"बघू," काकू म्हणाल्या होत्या. काकूंचं 'बघू' म्हणजे नाही, हे सगळ्या विश्रामबागेला ठाऊक आहे.

आणि का द्यावी? सवतीला कुणी कधी काही दिलंय? खासनीस त्या विद्यापीठाला पोसणारी आई म्हणायचे, तिकडे तशी पद्धतच आहे. काकूंनी लग्नानंतर महिन्याभरात हिशेब केला, की आई म्हटलं तर ती आपली सासू होते आणि सासूपुढे वाकावं लागतं. त्यापेक्षा सवत बरी, निदान बरोबरीची. तिनं नवऱ्याची चाळीस वर्षं नेली. निवृत्त होऊन सांगलीला आल्यावरही माणूस तिचेच गोडवे गायचा. आता तो गेला, दीड वर्ष झालं, तर म्हणे टोपी द्या.

पंखा फिरतो. त्याची कुरकुर लांब होत जाते, जड होते, आणि तिचे टोल पडायला लागतात. दोनाचे.

"चल," खासनीस म्हणतात.

ते स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत. तपकिरी कोट, चामडी बॅग. दीड वर्ष झालं तरी कोटाची इस्त्री शाबूत.

"कुठं?"

"व्याख्यानाला. दोनचं आहे."

"दोन वाजले की."

"म्हणजे सव्वादोनला," खासनीस शांतपणे म्हणतात.

हेही सवतीचंच शिक्षण. तिच्याकडे सगळं पाव तास उशिरा सुरू होतं. जुन्या काळी विद्यार्थ्यांकडे घड्याळं नव्हती, चर्चचे टोल ऐकून पोरं घरातून निघायची, म्हणून ही सवलत. पुढे घड्याळं आली, सवलत राहिली. खासनिसांनी ती सांगलीतही चालवली. लग्न असो, मुंज असो, हे सव्वाला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, "सहापर्यंत काढतील." सव्वासहाला गेले.

"मेल्यावर तरी वेळेवर जायला शिका," काकू म्हणतात आणि चपला घालतात.

ओट्याच्या पलीकडे हळदीचा सौदा चालू आहे. पोत्यांच्या थप्पीवर एक धिप्पाड सरदार बसलाय, दाढी हळदीने पिवळी.

"हे कोण?"

"संस्थापक. शेजारच्या सरदाराने विद्यापीठ काढलं, याला झोप येईना. मग बियरवर कर बसवून यानेही काढलं."

"म्हणजे जळून?"

"निव्वळ जळून."

काकू सरदाराकडे निरखून बघतात. त्या संस्थेतला पहिलाच माणूस, ज्याच्याविषयी त्यांना आपलेपणा वाटतो. त्या त्याला नमस्कारही करतात.

नमस्काराचे हात खाली येतात तोवर समोर पुस्तकांची कपाटं आहेत आणि कपाटांना घोडे बांधलेत. खोलीभर लिदीचा वास. एक घोडा जाडजूड पुस्तक चावतोय.

"फ्रेंच सैन्याचे," खासनीस म्हणतात. "विद्यापीठाला टाळं लावलंय त्यांनी. दहाबारा वर्षं बंद होतं."

"पुन्हा उघडायची काय घाई होती? आणि तो बघा, पुस्तक खातोय."

"लॅटिन आहे. दुसरं कुणी हात लावत नव्हतं."

"आणि बाया कुठे दिसत नाहीत त्या?"

"बायकांना अजून प्रवेश नाही. जवळजवळ चारशे वर्षं नव्हता."

"नाव आईचं आणि लेकींना दार बंद! बघा, कसली आहे ती. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

खासनीस पुढच्या दाराशी पोचलेत. ते थांबलेत. लांबलचक खोलीत भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या आहेत, आणि मधल्या मधल्या खुर्च्याच नाहीत. लादीवर त्यांच्या पायांचे ठसे तेवढे.

"इथं कोण बसायचं?"

"ज्यू प्राध्यापक." या ठिकाणी आले की जिवंत असतानाही त्यांचा आवाज खाली यायचा. "एका उन्हाळ्यात सगळ्यांना काढून टाकलं. उरलेल्यांनी आपापल्या खुर्च्या जरा सरकवून घेतल्या."

"आणि ती?"

"गप्प बसली."

काकूंच्या ओठावर टोमणा तयार असतो. सवतीचं वाईट ऐकलं की एरवी त्यांना जेवण गोड लागतं. पण हे गोड लागत नाही. त्या टोमणा गिळतात आणि त्या ठशांवर पाय पडणार नाही अशा बेताने चालतात.

बाहेर बीटाचं शेत आहे. चिखलात पाय रुततात. शेतातून काँक्रीटच्या इमारती उगवतायत, आधी खिडक्या, मग गच्च्या. पायऱ्यांवर संपावर गेलेली लांब केसांची पोरं बसलीत आणि प्राध्यापकांना आत सोडत नाहीत. त्यांच्यातून वाट काढत एक किडकिडीत मुलगा पत्र्याची ट्रंक ओढत येतोय. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलंय, भा. वि. खासनीस, सांगली.

"किती वाळलेले होतात हो," काकूंच्या तोंडून निघून जातं.

"बाबांची मला मिरजेपलीकडे शिकवायची ऐपत नव्हती. तिनं एक पैसा फी न घेता शिकवलं, मंदे."

"हो तर. पैसा नाही घेतला. माणूसच ठेवून घेतला."

त्यावर खासनीस हसतात. तेच ते, नाकातल्या नाकात. आणि काकूंना इतका राग येतो की त्यांचे डोळे भरून येतात.

शेताचा बांध संपतो तिथे बोळ सुरू होतो, लांब, राखाडी. भिंतीवर काळा फोन.

हा फोन काकूंनी कधी पाहिलेला नाही, पण त्या तो ओळखतात. वाइडेनफुर्टच्या त्यांच्या दोन खोल्यांत टोल पडले की रोज फोन वाजायचा आणि पलीकडे या फोनवरून खासनीस विचारायचे, "जेवलीस का?" पुढची दहा-बारा मिनिटं भाजीला काय केलं, सांगलीहून काय कळलं, बर्फ थांबलं का, असलंच बोलणं. मग, "चल, ठेवतो, सुरू करायला हवं."

"तुमचा उष्टा वेळ," काकू म्हणतात. "तिचं खाऊन झालं की पानात उरायचा तो माझा."

"उष्टा?" खासनीस प्रथमच जरा दुखावल्यासारखे दिसतात. "अगं, त्या पाव तासात सगळा विभाग खाली कॉफीला जमायचा. कुणाला बढती, कुणाला मोठी खोली, सगळं त्या कॉफीवर ठरायचं. मी चाळीस वर्षांत एकदाही गेलो नाही."

"मग त्यांना काय सांगायचात?"

"काही नाही. त्यांची समजूत होती, मला पोटाचा त्रास आहे."

काकू कपाळावर हात मारून घेतात.

"फार सहानुभूती होती माझ्याविषयी. विभागातल्या मेनकोव्स्कीच्या बायकोनं तर काढाही पाठवला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगू दिलंस कधी? फोन उचलला की पहिलं वाक्य, 'सोडलं का तिनं?'"

काकू फोनच्या वायरशी चाळा करतात. मग बारीक आवाजात विचारतात, "म्हणून टोपीवर मी नाही?"

"माझं जे विभागात दिसायचं, ते त्यांनी चिकटवलं. तुला ओळखत होते, तुझ्या पोळ्या ओळखत होते. आपलं माहीत नव्हतं. आणि देवाचे आभार मान. माहीत असल्यासारखं वाटत होतं ते चिकटवलं असतं, तर हत्तीच्या जागी संडास आला असता."

काकूंना हसू फुटतं ते थांबतच नाही. हसता हसता त्या बसतात, तर खाली लाकडी बाक आहे आणि पुढे उतरत गेलेल्या बाकांच्या रांगा. हाच तो हॉल. खासनिसांच्या पहिल्या व्याख्यानाला नव्या नवरीसारख्या नटून त्या इथेच बसल्या होत्या. व्याख्यान संपलं आणि सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाक ठोकायला सुरुवात केली. काकू नाटकांच्या सांगलीतल्या. बाक वाजले म्हणजे नट पडला, एवढं त्यांना कळत होतं. त्या संतापून उठल्या आणि एकट्या कडाकडा टाळ्या पिटत राहिल्या. अख्खं सभागृह वळून बघत होतं. तिथे शाबासकी ठोकूनच देतात, हे त्यांना घरी गेल्यावर समजलं. तेव्हापासून त्या प्रत्येक समारंभाला गेल्या आणि हात मांडीवर घट्ट धरून बसल्या. सवतीच्या घरचे रिवाज पाळायला त्या काही तिच्या आश्रित नव्हत्या.

आज हॉल भरलाय. पिवळ्या दाढीचा सरदार आहे. मागच्या रांगेत घोडे आहेत. आणि सगळ्यांत पुढे, आपापल्या खुर्च्या घेऊन, ती काढून टाकलेली माणसं.

घंटेचा एक टोल पडतो. सव्वा.

"झाली आपली वेळ," खासनीस उठतात.

काकू त्यांच्या कोटाची बाही पकडतात. "तिला म्हणावं, आज थांब जरा."

"ती थांबते गं. रोज थांबायचीच की."

बाही हातातून हळूच सुटते. ते पायऱ्या उतरतात, फळ्यापाशी पोचतात, बॅग ठेवतात. आणि सभागृह ठोकायला लागतं. पाचशे वर्षांची माणसं, एकजात सगळी, ठक ठक ठक ठक. काकू आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघतात. म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी या सगळ्यांनी वाजवायचं आणि मी बघत बसायचं? त्या मूठ वळतात आणि ठोकतात. सरदारापेक्षा जोरात, घोड्यांच्या टापांपेक्षा जोरात. फळ्यापाशी खासनीस चष्म्यावरून वर बघतात, नेमके त्यांच्याकडे.

"काकू! अगं काकू! आम्ही बाहेरून बेल वाजवतोय, तू आतून काय वाजवतेस?"

काकू डोळे उघडतात. त्यांची मूठ पलंगाच्या शिसवी पाठीवर आहे. पेरं लालबुंद झालीत, एकावरचं साल निघालंय.

त्या उठतात, केस सारखे करतात, दार उघडतात. अश्विनीच्या मागे एक उंच, घामेजलेली बाई उभी आहे. वाइडेनफुर्टची आन्या केलर. घड्याळात सव्वाचार. बाई उशिराबद्दल माफी मागत नाही, आणि काकूंनाही ती अपेक्षित नाही.

त्या सरळ टेबलाकडे जातात आणि खोकं उचलून तिच्या हातात देतात.

"न्या," त्या जर्मनमध्ये म्हणतात. "यात माझं काही नाही."

हे वाक्य अश्विनीने गेलं दीड वर्ष मराठीत इतक्या वेळा रडक्या सुरात ऐकलंय, की जर्मनमध्येही तिला ते ओळखू येतं. ती चमकून काकूंकडे बघते. काकूंचा चेहरा पत्त्याच्या डावात हुकूम लपवून बसलेल्या माणसासारखा झालाय.

"काकू, हाताला काय झालं गं?"

काकू हात पदराखाली घेतात.

"काही नाही. पोटाचा त्रास आहे."