मोतीबिंदूची राखण

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली 'कात्री' म्हणायची. हे नाव धंद्यावरून पडलं की जिभेवरून, याबद्दल गल्लीत दोन तट होते. मापं देताना गिऱ्हाईक पोट आत घ्यायचं आणि ती खेकसायची, "सोडा ते पोट! पँट काय जन्मभर श्वास रोखून घालणार आहात?"

गेल्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. धाकट्या भावाची बायको ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटांना थेंब घालायच्या कामाला होती, तिथेच. पैसे लेकाच्या नोकरीतल्या विम्यातून भागले. पट्टी निघाल्यावर तिला भावजयीच्या गालावरचे डाग दिसले आणि तिने ते लगेच सांगूनही टाकले. आता डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. परवा तर तिने एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या. वकील असून तो काही बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं.

म्हणून ती पुन्हा दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या मुलीने विमा कंपनीला विचारलं, आणि उत्तर वाचून ती अडखळली.

"मावशी, कंपनी म्हणते तुमचा डावा डोळा गेल्या वर्षीच झालाय. उजव्याच्या पाठोपाठ. पैसेही दिलेत म्हणे."

"झालाय? मग मला कळवायचं तरी! मी उगाच आंधळी होऊन बसले."

हॉलमधली माणसं हसली. कात्री हसली नाही. थेंबांची बाटली घेऊन उभ्या असलेल्या भावजयीकडे ती वळली. "मी सही कधी केली गं यांच्या कागदावर?"

"थेंब घातल्यावर, ताई," भावजय म्हणाली आणि तिचा चेहराच पडला.

तिथली रीतच तशी होती. आधी थेंब, मग डोळे मिटून बसायचं, आणि समोरचं सगळं पाण्यात भिजल्यासारखं दिसायला लागलं की कागद पुढे यायचा. 'इथे सही करा, नेहमीचंच आहे.' जागा दाखवायला कुणीतरी बोट धरायचं. यात वेळ वाचतो, असं भावजयीला सांगितलं होतं आणि तिला ते पटलंही होतं.

कात्री तडक डॉक्टरांच्या खोलीत घुसली. डॉक्टर मोठे गोड. चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगतानासुद्धा अभिनंदन करताहेत असं वाटायचं.

"कारकुनाची गफलत हो, मावशी. उद्या सकाळी या, डावा डोळा करून देतो. फुकट. वर भारीतलं भिंग."

"आणि कंपनीचं?"

"ते कशाला डोक्यात घेता? तुम्हाला डोळ्याशी मतलब."

उद्या! उद्या पट्टी आणि आठवड्याभरात सुईत दोरा. 'येते' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण वाकड्या शिवणीवर अस्तर चढवून गिऱ्हाइकाला गंडवणारे शिंपी तिने जन्मभर पाहिले होते. उद्या हा मोतीबिंदू निघाला की डावा डोळा खरोखरच झालेला असेल. मग कागद खरा, डॉक्टर खरे, आणि बोंब मारणारी कात्री तेवढी खोटी!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे तुमच्या चोरीला माझ्या डोळ्याचं अस्तर लावताय होय?"

"मावशी, हळू बोला."

"का म्हणून? बाहेरच्यांना दिसत नसेल, ऐकू येतं!"

मग तिने दार सताड उघडलं आणि हॉलला ऐकवलं, "थेंब घातल्यावर ज्यांनी ज्यांनी सह्या केल्यात, त्यांनी कंपनीला विचारा! तुमचं काय काय तुमच्या नकळत बरं झालंय ते बघा!"

भावजयीने बाटलीला झाकण लावलं. "आजपासून आधी कागद वाचायचा, मगच थेंब." दुपारी तिला घरी बसवलं गेलं.

कात्रीने कंपनीकडे तक्रार केली. चौकशीला माणूस पाठवतो म्हणाले, आणि पाठवेनात. तोवर पुरावा सांभाळायला हवा, आणि पुरावा तर तिच्या डोळ्यात! दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फार थांबू नका. आत दाब वाढला तर डोळा कायमचा जाईल." लेक चिडला, "फुकट करत होते ना गं? सुटला असता डोळा."

"डोळा सुटला असता आणि चोरही. गप्प बस आणि काजं कर."

बेकार भावजय आता मशीनवर बसायची आणि दर शिवणीला बोलणी खायची. "ही कॉलर आहे की कुत्र्याचा पट्टा?" कात्री ओरडायची. डोळा ठणकायला लागला तसा तिचा आवाज आणखी चढला.

अखेर एकदाचा कंपनीचा डॉक्टर घरी आला. बॅटरी मारून त्याने आत पाहिलं. "अहो, हा तर पिकून पांढराफटक झालाय! इतके दिवस ठेवलात कशाला?"

"तुम्हाला दाखवायला. तुमच्या लेखी हा गेल्या वर्षीच निघालाय ना?"

तो खाली मान घालून भराभर लिहीत राहिला. भावजयीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कुठे कात्रीने सही केली.

"आता ऑपरेशन करून घ्या," बॅग बंद करत तो म्हणाला. "कंपनी पैसे देईल."

"या आठवड्यातच करते. पण त्या गोडबोल्या डॉक्टरचं काय करणार?"

"ते माझ्या खात्यात येत नाही, बाई."

"मग ज्याच्या खात्यात येतं त्याला फोन लावा," कात्री म्हणाली आणि त्याच्यासमोर स्टूल सरकवलं. भावजयीने उठून आतून कडी घातली.