पाणी कुठपर्यंत आलं?

देवराम गायधनी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांची बायको गेली. मुलगा किशोर टोरांटोला. नाशिक रोडला आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये ते एकटे राहत. गॅलरीत एकाच माणसाचे कपडे वाळत असत, तेही चिमटे लावून, एका रेषेत.

किशोरचा फोन दिवाळीला यायचा. एका पावसाळ्यात मात्र तो मध्येच आला. गोदावरीला पूर आल्याचं त्याने तिकडे कुठेतरी वाचलं होतं. "बाबा, पाणी कुठपर्यंत आलं?"

नाशकात या प्रश्नाचं उत्तर कोणी फुटांत देत नाही. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला की गळ्याला, एवढंच विचारायचं. त्यावरून भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. देवरामभाऊंना नक्की ठाऊक नव्हतं. "बघून सांगतो," म्हणाले आणि बस धरून घाटावर गेले. संध्याकाळी किशोरचा पुन्हा फोन आला. तो लहानपणी त्याच घाटावर हरवला होता, तिथपर्यंत गप्पा गेल्या. दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी हातात घेऊन जिन्यातच त्यांनी मला हे सगळं सांगितलं.

तेव्हापासून नदी चढली की ते घाटावर जाऊ लागले. किशोर ऑर्कुटवर असतो हे कळल्यावर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तेही शिकले. बाहेरगावी गेलेल्या नाशिककरांची तिथे एक कम्युनिटी होती. तिच्यात ते एका बोटाने टाइप करत: 'पाणी मांडीला. गाळ फार. उतरेल असं वाटत नाही.' पाहिलं नाही ते त्यांनी कधी लिहिलं नाही.

माझी जुनी विद्यार्थिनी पल्लवी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अशा कम्युनिटीत नेमका कोणाच्या शब्दाला वजन असतं, हे शोधणं हा तिचा प्रोजेक्ट. एका रविवारी ती माझ्याकडे आली ती देवरामभाऊंचं नाव घेऊनच. मी तिला शेजारी घेऊन गेले.

"काका, आमच्या सरांना वाटलं होतं, कम्युनिटीतला तो राजू सगळ्यात वजनदार निघेल. सगळ्यात जास्त मित्र त्याचे. पण तो दिवसभर विनोद टाकतो, लोक हसतात आणि विसरतात. तुम्ही वर्षभर गप्प असता, पण लिहिलंत की सगळे आपापल्या घरी फोन लावतात."

"म्हणजे मी वजनदार?" देवरामभाऊ हसले. "सोसायटीत मोटर बंद करा म्हटलं तर कुत्रं ऐकत नाही माझं."

"आता मिशा ठेवा, भाऊ," मी म्हटलं.

पल्लवीने कागद उलगडला. माणसांची वर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. "ही सगळ्यात जाड रेघ. तुम्ही लिहिलेलं हा किशोर सगळ्यात आधी वाचतो आणि तिकडच्या मराठी मंडळींना पाठवतो. वर लिहितो, 'माझ्या बाबांनी स्वतः पाहिलंय.'"

देवरामभाऊंनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे त्याला सगळं तिथेच कळतं."

"हो ना!"

"मग फोन कशाला करील."

पल्लवीने कागदाची पुन्हा घडी घातली. चहा तसाच राहिला.

पुढच्या भाद्रपदात मोठा पूर आला. देवरामभाऊ सकाळीच घाटावर जाऊन आले, पण कॅफेत गेले नाहीत. मी डोकावले तर फोनजवळ खुर्ची ओढून बसले होते.

"आज लिहायचं नाही, बाई. त्याला हवं असेल तर विचारील."

मी त्यांच्याजवळच बसले. दुपारी फोन वाजला तेव्हा त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. पल्लवी होती. बोलणं मला ऐकू येत होतं, इतकी ती मोठ्याने बोलत होती.

"काका, बरे आहात ना? सगळे तुमची वाट बघतायत. राजू लिहितोय, पाणी गुडघ्यालाच आहे, घाबरू नका. संध्या नावाची एक जण पुण्याहून विचारतेय, आई घाटाजवळ एकटी आहे, हलवू का?"

"राजूने पाहिलंय?"

"कोणाकडून तरी ऐकलंय."

"छातीला लागलंय, पोरी. मी सांगितलं म्हणून लिही."

"माझं कोण ऐकणार, काका? तुम्ही लिहा."

त्यांनी फोन ठेवला. खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली. मग छत्री घेतली. मीही कॅफेत बरोबर गेले. 'पाणी छातीला. सकाळी स्वतः पाहिलं. आणखी चढेल. घाटाजवळची माणसं आत्ताच हलवा.' त्यांचं बोट कीबोर्डवर अक्षरं शोधत होतं.

आम्ही तिथे असतानाच उत्तरं येऊ लागली. संध्याने लिहिलं, आई मामाकडे निघाली. त्याखाली 'धन्यवाद काका', 'धन्यवाद काका'. त्यांच्या मध्येच एक ओळ होती: 'धन्यवाद बाबा. काळजी घ्या.'

"सगळ्यांसारखंच लिहिलंय," देवरामभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे आणून दिली. "उतरलं का बघून येतो. फोन वाजला तर उचला."

दुपारी ते परतले. मी किल्ली पुढे केली. फोन वाजला नव्हता; त्यांनी विचारलंही नाही.

"कमरेपर्यंत उतरलंय," म्हणाले, आणि कुलूप न उघडताच कॅफेकडे वळले.